स्वयंपाकघराची सात इंचांची पायरी



आमच्या जुन्या घरात माजघरातून स्वयंपाकघरात जाताना सात इंच खाली उतरावं लागायचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, "ही चौक्याची मर्यादा. पाय धुऊन उतरायचं." मुनिमहाराजांच्या आहाराच्या दिवशी शुद्ध वस्त्राशिवाय त्या पायरीच्या आत कुणी यायचं नाही. मला ते पटायचं.

पुढे त्याच पायरीवर ताकाचं भांडं घेऊन सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेवटची चार वर्षं त्या माजघरातच बसून मला फोडणीच्या सूचना द्यायच्या.

आता माझे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा जमीन वर घ्यायचं ठरलं. चातुर्मासात उकराउकर नको म्हणून कार्तिकी पौर्णिमा होऊ दिली. गवंड्याने माजघराच्या कडेची फरशी काढली आणि सगळा इतिहास समोर आला. वर मोझॅक, त्याखाली शहाबादी, त्याखाली मुरूम, आणि तळाशी शेणाने सारवलेल्या मातीचे पापुद्रे. ती माती स्वयंपाकघराच्या जमिनीशी जवळजवळ एका पातळीत होती.

म्हणजे स्वयंपाकघर मुद्दाम खाली केलेलंच नव्हतं. बाकीच्या खोल्या वर गेल्या होत्या!

रेल्वे 1871 मध्ये रायचूरपर्यंत पोहोचली. शहाबाद त्याच मार्गावर, त्यामुळे तिथला दगड लांब नेणं सोपं झालं. नक्षीच्या टाइल्स आधी विलायतेहून यायच्या. 1922 साली मुंबईत स्वदेशीच्या विचाराने भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू झाली. पुढे मोझॅक घरोघरी आलं. आमच्याकडे हे सगळं आलं ते सोप्यात आणि माजघरात, जिथे पाहुणे बसायचे.

मी बी.कॉम.; जुन्या चोपड्या वाचायची मला हौस. मामंजींच्या हिशेबात मोझॅकच्या खर्चाखाली एक ओळ सापडली: "स्वैपाकघर – पुढील साली." पुढच्या वर्षीच्या चोपडीत तेच. त्याच्या पुढच्यातही. बाकी ओढावी तशी ती ओळ पुढे पुढे ओढलेली. अखेर स्वयंपाकघराला नुसत्या मातीवर बसवलेली शहाबादी मिळाली. सासूबाईंनी उरलेल्या पायरीला मर्यादा मानलं आणि आयुष्यभर पाळलं. त्यांची श्रद्धा खरीच होती. पण पैसे सोप्यावर संपले होते, हेही खरं.

आता कामाचं. शहाबादी काढून मुरूम दोन थरांत टाकला, पाणी मारून धुम्मसाने ठोकला, वर काँक्रीट, मग न घसरणारी फरशी. बाकीच्या खोल्या उकरण्यापेक्षा भर घालणं बरं वाटलं. गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही, पण कुदळ जितकी कमी चालेल तितकं चांगलं. एक गोष्ट आधी कुणी सांगितली नाही: जमीन सात इंच वर आली की ओटा सात इंच खाली जातो! माझा 32 इंचांचा ओटा 25 इंचांवर आला, तो पाडून नवा करावा लागला. दाराची चौकट आणि मोरीची जाळीही आधीच मोजून ठेवा.

आमचं घर तळमजल्याचं, म्हणून मुरूम चालला. वरच्या मजल्यावर असं करू नका. दहा बाय दहाच्या खोलीत सात इंच भर म्हणजे 58 घनफूट. विटांचे तुकडे आणि माल घातला तर जवळजवळ 3 टन. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून साधारण 2 टनांपेक्षा कमीच भार धरलेला असतो. सिपोरेक्सचे ठोकळे वापरले तर भरीचं वजन तिसऱ्या हिश्शावर येतं, तरीही इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

पायरी होती तिथे मी काळ्या कडप्प्याची चार बोटं रुंद पट्टी सपाट बसवून घेतली. आहाराच्या दिवशी चौका तिथूनच सुरू होतो. सूनबाई पाय धुऊन सरळ आत जाते. मी मात्र अजून तिथे आले की दाराची चौकट धरते.