वंशावळीत न मावलेले पूर्वज

श्राद्धाच्या संकल्पात आपण बाप, आजा, पणजा आणि आई, आजी, पणजी यांची नावे घेतो. त्यापलीकडे बहुतेक घरांची स्मृती थांबते आणि मग वंशावळीचा शोध सुरू होतो. पण दहा पिढ्या मागे जाऊन हिशेब मांडला, तर पूर्वजांची स्थाने होतात २०४६. आडनावाच्या वंशावळीत त्यांपैकी दिसतात अवघे १० पुरुष! नात्यांतल्या लग्नांमुळे काही माणसे पुन्हापुन्हा येतात हे धरले, तरी बाकीचे गेले कोठे?

आम्हांस वाटते, ते आयांच्या माहेरी आहेत. लग्नात मुलीचे नाव बदले, माहेर मागे पडे आणि तिच्यामागची सारी शाखा अंधारात जाई. तरी साधने अगदीच नाहीत असे नव्हे. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचे लेख आहेत, जुने मोडीत. त्यांत गाव, भाऊ, मुले आणि कित्येकदा आई व पत्नी यांचीही नावे मिळतात. राजवाड्यांनी तर घरोघरची दप्तरे धुंडाळूनच १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला.

मात्र कुळात एखादा सरदार निघावा, एवढ्याच हौसेने जो दप्तर सोडतो, त्याला पणजी भेटत नाही. म्हणून घरातील वृद्धांना आजच विचारावे: पणजी कोणाची लेक? तिचे माहेरचे नाव काय? वही उद्याही उघडता येईल. सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही.