रेस्टिगूश नदीवरील वाटाडे : सॅमन-मासेमारीच्या इतिहासातील एक प्रकरण

नदीतील मासेमारी हा विषय इतिहासाच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि मासा कोणी, कोणत्या साधनाने आणि कोणाच्या अनुज्ञेने धरावा, हा प्रश्न अखेर स्वामित्वाचा व सत्तेचाच प्रश्न होय. कॅनडातील न्यू ब्रन्स्विक आणि क्वेबेक या प्रांतांची सीमा काही अंतरापर्यंत आखीत शालर उपसागरास मिळणारी रेस्टिगूश नदी या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

या नदीच्या मुखाशी मिगमाक लोकांची पुरातन वस्ती असून ती आज लिस्टुगुज या नावाने ओळखली जाते. अटलांटिक महासागरात वाढलेला सॅमन मासा अंडी घालण्यासाठी उन्हाळ्यात नदीत चढे, तेव्हा मिगमाक लोक भूर्जवृक्षाच्या सालीच्या होडीतून, भूर्जसालीचीच मशाल पेटवून, रात्री भाल्याने त्याची शिकार करीत. हे त्यांच्या उदरनिर्वाहाचे एक प्रमुख साधन होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सॅमनची संख्या घटू लागल्याची ओरड सुरू झाली. लाकूड-गिरण्यांचे बंधारे, पाण्यात सोडलेला भुसा आणि किनाऱ्यावरील व्यापारी जाळी ही त्याची कारणे समकालीनांस अज्ञात नव्हती. तरीही दोषाचा मोठा वाटा मशालीच्या उजेडात चालणाऱ्या भाल्याच्या माथी मारण्यात आला. १८५७ व १८५८ चे कायदे आणि त्यानंतर १८६८ चा संघराज्याचा मत्स्य-अधिनियम यांनी भाल्याच्या मासेमारीवर उत्तरोत्तर कडक निर्बंध घातले. पिसे व दोरा यांची कृत्रिम माशी गळास बांधून केलेली मासेमारी मात्र सभ्य गृहस्थाचा खेळ म्हणून मान्य झाली, आणि नद्यांचे भाग अशा शौकिनांस मक्त्याने मिळू लागले.

मक्ता देण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी मिरामिची नदीवरून वाद उद्भवला. १८८२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘राणी विरुद्ध रॉबर्टसन’ या खटल्यात असा निर्णय दिला की, भरतीचे पाणी जेथे पोहोचत नाही तेथे मासेमारीचा हक्क नदीपात्राच्या मालकाकडे असतो. संघ-सरकारला तो मक्त्याने देता येत नाही. साहजिकच काठच्या जमिनीस मोल आले. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या धनिकांनी स्थापिलेल्या रेस्टिगूश सॅमन क्लबसारख्या संस्थांनी नदीकाठ आपल्या ताब्यात आणला. या खटल्यात मिगमाक लोक पक्षकारच नव्हते, ही गोष्ट निकालाइतकीच बोलकी आहे.

परंतु काठ विकत घेतल्याने नदीचे ज्ञान विकत मिळत नाही. नदीत चढलेला सॅमन अन्न घेत नाही. तो डोहातील ठराविक जागी विसावतो, आणि पाण्याची पातळी बदलली की त्याच्या जागाही बदलतात. माशी कोठे टाकावी, खळखळत्या प्रवाहात लांब काठीने होडी कशी रेटावी व कोठे स्थिर करावी, हे जाणणारा माणूस सोबत असल्याविना परक्या शौकिनाचा गळ बहुधा रिकामाच परते. म्हणून भाला खाली ठेवावा लागलेले मिगमाक, आणि त्यांच्यासवे काठावरील वसाहतकरी, रोजंदारीवर वाटाडे झाले. ज्ञान तेच राहिले; हक्काचे रूपांतर मजुरीत झाले.

भारतीय वाचकास हे चित्र अपरिचित वाटू नये. शेजारच्या कॅस्केपीडिया नदीवर मासेमारीचा शौक करणारे कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड लॅन्सडाउन १८८८ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. येथे १८७८ च्या वनकायद्याने वनवासीयांचे हक्क संकुचित केले होते, आणि साहेबाच्या शिकारीत तेच वनवासी हाकारे घालीत व माग काढीत होते.

रेस्टिगूशचा प्रश्न विसाव्या शतकातही मिटला नाही. ११ आणि २० जून १९८१ रोजी क्वेबेकच्या पोलिसांनी लिस्टुगुजवर छापे घालून मिगमाकांची जाळी जप्त केली. १९९० च्या स्पॅरो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलनिवासीयांच्या अन्नार्थ मासेमारीच्या हक्कास, मत्स्य-संरक्षणाच्या खालोखाल, अग्रक्रम दिला. १९९३ मध्ये लिस्टुगुजच्या लोकांनी स्वतःचा मत्स्य-कायदा केला आणि नदीवर आपलेच रक्षक नेमले.

या नदीच्या इतिहासाची छापील साधने, उदाहरणार्थ डीन सेज यांचा १८८८ चा ग्रंथ, प्रायः होडीत बसून गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेली आहेत. होडी रेटणाऱ्याची दृष्टी त्यांत क्वचितच उमटते. यास्तव अशा साधनांतून वाटाड्यांविषयी काढावयाचे निष्कर्ष मौखिक परंपरा आणि न्यायालयीन कागदपत्रे यांच्याशी ताडून पाहिल्याविना ग्राह्य मानणे इष्ट नव्हे.