पटकीचे विष आणि एक पीएच.डी.

गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत मंडळातील एका ताईंनी आम्हाला गाठले. मुलीला रोगजंतूंवर पीएच.डी. करायची आहे, पाच-सहा वर्षे त्यात जाणार, आणि गाईडने भलताच विषय दिला तर काय, ही त्यांची काळजी. तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि उत्तर राहून गेले. आम्ही पडलो रसायनवाले. पण गाईडने दिलेला विषय गोड मानून घेणे आम्हालाही चुकलेले नाही. म्हणून शंभुनाथ डे यांची हकिगत येथे देतो.

डे बंगालचे, हुगळी जिल्ह्यातले, जन्म १९१५. कलकत्त्यात डॉक्टर होऊन १९४७ साली ते लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्याकडे पीएच.डी.साठी गेले. काम मिळाले ते फुप्फुसात पाणी कसे साठते याचे. १९४९ मध्ये पदवी घेऊन ते कलकत्त्याला परतले आणि लागले पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या मागे.

पटकीची दहशत आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होती. पंढरीच्या वारीला निघायचे तर आधी लस टोचून घ्यावी लागे. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच ओळखला होता. पण तो माणसाला मारतो कसा? कॉख यांना विषाचा संशय होता. तो सिद्ध मात्र होईना. जंतू प्राण्यांना टोचून पाहिले, तर माणसासारखे जुलाब काही होत नसत.

डे यांनी केले ते ऐकायला अगदी साधे वाटते. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्यात जंतू सोडायचे, आतडे परत पोटात ठेवून पोट शिवायचे आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचे. बांधलेला तुकडा पाण्याने टम्म फुगलेला! हे काम १९५३ साली छापून आले. पुढे १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढले व नुसते गाळलेले पाणी आतड्यात घातले. तरी आतडे फुगलेच. म्हणजे जंतू हजर नसला तरी त्याचे विष आतड्यातून पाणी ओढून घेते, आणि रोगी मरतो तो अंगातले पाणी व क्षार गेल्यामुळे. 'नेचर'मध्ये हा छोटासा लेख आला. प्रबंध फुप्फुसातल्या पाण्याचा आणि शोध आतड्यातल्या पाण्याचा. लंडनची ती दोन वर्षे वाया गेली असे आम्हाला तरी वाटत नाही.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांना जंतूंचा नुसता अर्क देऊन जुलाब घडवून दाखवले. आपल्या मंडळींचा हा वाटा फारसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

डे यांना ते विष शुद्ध स्वरूपात काही मिळाले नाही. ते काम अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी १९६९ साली केले. जंतू, ससे, सुरी हे सगळे डे यांच्या हाताशी होते. प्रथिने वेगळी करण्याची सामग्री आणि ते जाणणारा जोडीदार हवा होता. (रसायनवाल्यांना एवढा अभिमान चालेल ना?) डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ साली स्टॉकहोमला पटकीवरील नोबेल परिसंवादाचे त्यांना बोलावणे आले, तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की हा गृहस्थ कोण. १९८५ मध्ये ते वारले. नोबेल मिळाले नाही, आणि भारतातही मोठा मान असा मिळाला नाही.

ताईंनी आता मुलीलाच आमच्याकडे पाठवावे. गाईड कसा निवडावा, आणि विषय मनाजोगता नसला तर पहिल्या वर्षी काय विचारून घ्यावे, हे तिच्याशी बोलायला आम्हाला आवडेल. दर रविवारी मराठी शाळा सुटल्यावर आम्ही खुर्च्या आवरायला थांबतोच.