तळटीप : थाळनेरची ‘शवपेटी’

मजकुरातला ‘कोरीव दगडी शवपेटी’ हा शब्द सैल आहे. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरला खानदेशच्या फारुकी सुलतानांचे मकबरे आहेत. तिथे देह जमिनीखाली असतो, वरचा घडीव दगड नुसता खुणेचा. असा दगड हलवता येतो, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर घुमटाचा धनी ठरवणे धोक्याचे. फारुकी वंशाचा मूळपुरुष मलिक राजा (मृत्यू १३९९) आणि त्याचा मुलगा नासिर खान (मृत्यू १४३७) थाळनेरलाच पुरले गेले, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. पण ही साक्ष गावापुरती आहे, कोणता घुमट कोणाचा हे तीतून निघत नाही. मग तिथला अष्टकोनी, सर्वांत नक्षीदार मकबरा वंशाच्या मूळपुरुषाचाच, असे कोणी म्हणेल. मान मोठा म्हणून नक्षी मोठी, हा तर्क गोड आहे, पण लटका. मलिक राजाची सत्ता तेव्हा नुकती कुठे रुजत होती. एवढा नक्षीचा सोस पुढच्या पिढ्यांना अधिक शोभतो. शेजारच्या माळव्यात, मांडवगडावर सुलतान होशंगशाहाचा संगमरवरी मकबराही मलिक राजानंतरचा, पंधराव्या शतकातलाच. अर्थात शैली फार तर काळ सुचवते, नाव नव्हे. लोकपरंपरेने हा समूह फारुकींचा म्हणून जपला, तेवढे तिचे म्हणणे आम्ही मान्य करतो. एकेका घुमटावर नाव लावताना मात्र तिथलाच लेख हवा. म्हणून या आवृत्तीत ‘शवपेटी’ऐवजी ‘कबरीवरचा दगड’ असा पाठ घेतला आहे. — संपादक