पुढच्यास ठेच

पैसे देऊन घेतलेली वस्तु पुरी तयार असावी, ही गिऱ्हाइकाची अपेक्षा सर्व व्यवहारांत मान्य झालेली आहे. कच्च्या टांक्यांवर उभा केलेला कोट शिंप्याच्या दुकानांतून कोणी घालून नेत नाहीं. गिलावा ओला असतां नव्या घरांत कोणी बिऱ्हाड मांडीत नाहीं. परंतु संगणकाच्या व्यापारांत या रीतीच्या अगदीं उलट असा एक प्रघात रूढ झाला आहे. १३ सप्टेंबर २००० रोजीं अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें ‘मॅक ओएस टेन’ या आपल्या नव्या कार्यप्रणालीची एक अपुरी आवृत्ति, ती अपुरी आहे असें उघड सांगून, २९.९५ डॉलरांस विक्रीस काढली. पुढील वर्षाच्या मे महिन्यांत ती आपोआप चालेनाशी व्हावी, अशी मुदतहि तिच्यांत घातलेली होती. असें असूनहि हजारों लोकांनीं ती आनंदानें घेतली, आपल्या यंत्रांत घातली, आणि काय मोडतें व काय अडतें हें कंपनीस कळविण्याचे श्रम फुकट केले. फुकट तरी कसे म्हणावे? त्या श्रमांसाठीं त्यांनीं पदरचे पैसे भरले होते!

वरवर पाहतां हा यंत्रशास्त्राचा विषय आहे, आणि तो त्या शास्त्राच्या जाणत्यांनींच हाताळावा, असें कोणास वाटेल. परंतु या प्रघाताचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे त्याच्या मुळाशीं एक जुनाच प्रश्न आढळतो. नुकसान ज्याच्या वांट्यास आलें त्याचें म्हणणें केव्हां खरें मानावें? तो एकटाच सांगत असेल तेव्हां, कीं त्याच्यामागें हजार जण उभे राहतील तेव्हां? न्यायाधीशास आणि इतिहासकारास हा प्रश्न नित्य पडतो. अलीकडे तो कारखानदारासहि पडूं लागला आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. संगणकाचें यंत्र स्वतः मुकें असतें. कळफलकावर दाबलेलें अक्षर पडद्यावर कोठें उमटवावें, लिहिलेलें पत्र कोणत्या कप्प्यांत ठेवावें आणि मागतांच तें कोठून काढून द्यावें, ही सारी व्यवस्था पाहणारा जो मूळ कार्यक्रम त्यास कार्यप्रणाली म्हणतात. मोठ्या वाड्यांतील जुन्या कारभाऱ्यासारखें तिचें स्थान आहे. कोठीच्या किल्ल्या तिच्या हातीं असतात. इतर कार्यक्रमांत चूक राहिली तर एखादें काम अडतें. कारभाऱ्याच्याच हातून चूक झाली तर सगळी कोठी रिकामी होऊं शकते. शिवाय हा एकच कारभारी लाखों वाड्यांत नेमावयाचा, आणि प्रत्येक वाड्याची रचना निराळी. कोणाचें यंत्र जुनें, कोणाचा छपाईचा जोड वेगळा, कोणाची कागद ठेवण्याची तऱ्हा वेगळी. हे सर्व प्रकार कारखान्यांत बसून आधींच करून पाहणें मनुष्यशक्तीबाहेरचें आहे.

म्हणून परीक्षेच्या दोन पायऱ्या पडल्या. घरांतल्या परीक्षेस ‘अल्फा’ आणि बाहेरच्या लोकांकडून करविलेल्या परीक्षेस ‘बीटा’ हीं ग्रीक वर्णमालेंतील पहिल्या दोन अक्षरांचीं नांवें रूढ झालीं. मायक्रोसॉफ्ट कंपनींत ‘विंडोज एनटी’ ही प्रणाली रचली जात असतां तिचे प्रमुख डेव्हिड कटलर यांचा असा कटाक्ष असे कीं, कार्यक्रमलेखकांनीं आपलें रोजचें काम आपणच लिहिलेल्या अपुऱ्या प्रणालीवर करावें. ही प्रणाली जुलै १९९३ मध्यें बाजारांत आली. आचाऱ्यानें पंगतींत वाढण्यापूर्वीं पदार्थ स्वतः चाखावा, तसाच हा नियम होता, आणि तो उत्तमच होता. पण आचाऱ्याची जीभ स्वतःच्या मिठास सरावलेली असते. पाहुण्याच्या जिभेचें काम निराळें.

पाहुण्यांस थेट स्वयंपाकघरांतच बोलावण्याचा प्रयोग त्याच सुमारास फिनलंडांत झाला. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत आहों असें संगणकजालावर जाहीर केलें, आणि लोकांस तिच्यांत काय हवें तें विचारलें. त्याच वर्षीं तिची ०.०१ क्रमांकाची प्रत त्यानें खुली केली. हीच पुढें ‘लिनक्स’ म्हणून प्रसिद्धीस आली. येथें परीक्षकाचा अधिकार मोठा होता. मूळ लेखन त्याच्यापुढें उघडें असल्यामुळें तो नुसती तक्रार करून थांबत नसे. दोष शोधून दुरुस्तीहि धाडूं शके. व्यापारी कंपन्यांच्या परीक्षकास हा अधिकार नसतो. तो दार ठोठावूं शकतो; दार उघडणें आंतल्या माणसाच्या हातीं असतें.

दार उघडलें म्हणजे काय घडतें, याचें उदाहरण ॲपलच्या त्या विकाऊ अपुऱ्या आवृत्तींतच सांपडतें. तिच्यांत पडद्याच्या माथ्यावरील पट्टीच्या मधोमध कंपनीचें सफरचंदाचें चिन्ह बसविलें होतें. पण तें केवळ शोभेचें. जुन्या प्रणालींत तेंच चिन्ह डावीकडे असून तेथें दाबलें असतां उपयुक्त यादी उघडत असे. वर्षानुवर्षांची ही संवय मोडल्याबद्दल लोकांनीं कुरकुर केली. २४ मार्च २००१ रोजीं पुरी प्रणाली बाहेर पडली, तेव्हां चिन्ह डाव्या कोंपऱ्यांत परत आलें होतें व त्याची यादीहि परत आली होती. हजारों लोकांची हरकत एकच होती, ती ढळढळीत दिसणारी होती, आणि ती ऐकली गेली. बहुतांचें म्हणणें बहुतांस लागूं पडणारें असलें म्हणजे ही पद्धति उत्तम चालते.

ती कोठें चालत नाहीं, हें दिसण्यास आणखी सतरा वर्षें जावीं लागलीं. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज १०’ या प्रणालीची घोषणा केली, आणि तिच्या जोडीस ‘विंडोज इनसायडर’ नांवाचा कार्यक्रम सुरू केला. ज्यास इच्छा होईल त्यानें नांव नोंदवावें, अपुरी आवृत्ति विनामूल्य घ्यावी, आणि आपला अनुभव कळवावा, अशी त्याची योजना होती. दोन आठवड्यांच्या आंत दहा लाखांवर लोकांनीं नांवें नोंदविलीं आणि दोन लाखांवर अभिप्राय कंपनीकडे पोंचले. ज्यांस धोका पत्करण्याची हौस अधिक त्यांस नवी आवृत्ति आधीं, सावधांस मागाहून, अशा पायऱ्याहि पाडलेल्या होत्या. याच सुमारास कार्यक्रम लिहिणारा आणि तो तपासणारा हीं जीं दोन निराळीं पदें कंपनींत असत, त्यांतील भिंत पाडण्यांत आली, आणि निव्वळ तपासणाऱ्यांची संख्या घटली. घरचे परीक्षक कमी झाले; बाहेरचे मात्र लाखोंनीं मिळाले. अभिप्राय इतके येऊं लागले कीं ते वाचावयाचे कसे हाच प्रश्न झाला. त्यावर मतांचा उपाय होता. एकानें लिहिलेल्या तक्रारीस दुसऱ्यांनीं अनुमोदन द्यावें, आणि ज्या तक्रारीस अनुमोदनें अधिक ती वर चढावी.

२ ऑक्टोबर २०१८ रोजीं याच प्रणालीची नवी सुधारित आवृत्ति, परीक्षकांच्या शेवटच्या पायरीवरील मंडळींस नेहमींप्रमाणें आधीं न दाखवितां, सर्वांसाठीं खुली झाली. लगेच कांहीं लोकांकडून भयंकर वार्ता येऊं लागली: आवृत्ति बसविल्यावर त्यांचे स्वतःचे कागद, छायाचित्रें, वर्षांनुवर्षांचा संग्रह नाहींसा झाला होता! कंपनीनें त्याच आठवड्यांत वितरण थांबविलें, आणि ९ ऑक्टोबर रोजीं कारण प्रसिद्ध केलें. तें मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखें आहे.

विंडोजमध्यें कागद, छायाचित्रें वगैरे ठेवण्यासाठीं ठराविक फोल्डर असतात. मूळ जागा अपुरी पडली म्हणजे कांहीं लोक ते दुसऱ्या तबकडीवर हलवितात. असें केल्यावर जुन्या जागीं त्याच नांवाचा रिकामा फोल्डर उगाच दिसत राहतो, अशी तक्रार आधींच्या आवृत्तीच्या वेळीं लोकांनीं केली होती. तक्रार खरी होती, व कंपनीनें ती ऐकली. नव्या आवृत्तींत असे रिकामे जोडफोल्डर काढून टाकण्याची तजवीज केली. परंतु फोल्डर हलवितांना जुन्या जागचें सामान सर्वांनींच हलविलें नव्हतें. कित्येकांचें तें तेथेंच राहिलें होतें. रिकामी समजून जी खोली पाडली, तींत सामान होतें. पुष्कळांची बारीक गैरसोय दूर करण्याच्या भरांत थोडक्यांचें सर्वस्व गेलें.

आणि याहून विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. कांहीं परीक्षकांनीं हा अनर्थ आपल्या यंत्रावर कांहीं महिने आधींच पाहिला होता व तो लिहूनहि कळविला होता. पण असे लोक थोडे. त्यांच्या तक्रारीस अनुमोदन देणार कोण? ज्याचे कागद शाबूत आहेत त्यास ती तक्रार परकी वाटते. ती यादींत तळाशींच राहिली. आवृत्ति सर्वत्र गेल्यावरहि प्रत्यक्ष नुकसानीच्या तक्रारींचें प्रमाण, कंपनीच्या सांगण्याप्रमाणें, शेंकडा ०.०१, म्हणजे दहा हजारांत एक, इतकेंच होतें. हिशेबाच्या वहींत हा आंकडा क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या घरांतील मुलांचीं लहानपणचीं छायाचित्रें गेलीं, त्या घरापुरतें हें प्रमाण शेंकडा शंभरच होतें.

इतिहासाच्या अभ्यासकास या चुकीचा प्रकार ओळखीचा वाटेल. दहा बखरी एकमेकींची नक्कल करून एकच गोष्ट सांगत असल्या आणि घटनेच्या दिवशीं लिहिलेलें एक पत्र निराळें सांगत असलें, तर दहा विरुद्ध एक असा कौल आपण घेत नाहीं. साक्षीदार तेथें हजर होता काय, आणि तो जें सांगतो तें खरें असल्यास त्याचा परिणाम किती दूरवर पोंचतो, हें आपण पाहतों. साक्ष मोजावयाची नसते, तोलावयाची असते. मतपेटी राज्यकारभारास आवश्यक आहे, पण ‘घरास आग लागली’ या आरोळीवर कोणी मतें मागवीत नाहीं.

कंपनीसहि न्याय दिला पाहिजे. लाखों अभिप्रायांच्या राशींतून एक ओळ निवडणें हें काम सोपें नव्हे. बहुतेक तक्रारी खरोखर बारीक असतात आणि कांहीं तर तक्रारकर्त्याच्याच चुकीच्या असतात. शिवाय घडलेलें तिनें झांकलें नाहीं. त्याच निवेदनांत तिनें एक सुधारणाहि जाहीर केली: यापुढें परीक्षकास दोष कळवितांना त्याचें गांभीर्य किती व परिणाम काय, हेंहि नोंदवितां येईल. दुरुस्त आवृत्ति प्रथम परीक्षकांकडून पारखून १३ नोव्हेंबर २०१८ रोजीं पुन्हा प्रसिद्ध झाली. तराजूची गरज पटली, हें चांगलेंच झालें. ती कोणाच्या संग्रहाच्या मोलानें पटली, हें मात्र विसरतां कामा नये.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही आपली म्हण या सर्व परीक्षकांचें वर्णन चार शब्दांत करते. ते आपण होऊन पुढें चालतात, आणि त्यांच्या जखमी अंगठ्यावर मागच्यांची वाट सुकर होते. अशा हौशी माणसानें आपल्या कामाच्या कागदांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवल्यावांचून या वाटेस जाऊं नये, आणि ठेच लागल्यास ती कोठें, कशी व कितपत लागली हें नेमकें सांगावें. नुसतें ‘चालत नाहीं’ म्हणणें म्हणजे साक्ष नव्हे. परंतु म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती वाचकांनीं लक्षांत घ्यावी. मागचा शहाणा होतो तो पुढच्याकडे त्याची दृष्टि असते म्हणून. पुढचा पडला आणि मागच्यानें ‘एकच तर पडला’ असा हिशेब करून पाऊल टाकलें, तर त्या ठेंचेपासून मिळावयाचें शहाणपण कोणाच्याच पदरीं पडत नाहीं. राहते ती फक्त ठेच.