वाघमारे, जनार्दन
(जन्म : 1934). इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, समीक्षक आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते दीर्घकाळ प्राचार्य होते. बारावीच्या निकालांमुळे गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ याच महाविद्यालयात आकाराला आला. नेमून दिलेल्या तासांखेरीज जादा वर्ग आणि परीक्षेपूर्वी पुन्हा पुन्हा सराव चाचण्या, असे त्याचे रोखठोक स्वरूप. पुढे त्याचे जे क्लासेसच्या बाजारात रूपांतर झाले, तो वेगळा विषय.

अभ्यासक म्हणून त्यांचे खरे काम आफ्रिकन-अमेरिकन साहित्यावरचे. ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने हे लेखन मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडले. शीर्षकातला शब्द आज खटकतो. त्या काळी तो रूढ होता. दलित साहित्याची चर्चा ऐन भरात असताना राइट, एलिसन, बॉल्डविन या आफ्रिकन-अमेरिकन लेखकांची नावे मराठीत तुलनेसाठी घेतली जाऊ लागली. त्यामुळे अशा ग्रंथाची गरज होतीच.

17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, औरंगाबादच्या विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर आणि परभणी (तेव्हा हिंगोलीसह) हे जिल्हे त्याच्याकडे आले. परभणी, गंगाखेड, सेलूच्या महाविद्यालयांना संलग्नतेच्या कामासाठी आता औरंगाबाद गाठावे लागेना. परभणीहून नांदेड साठ-सत्तर किलोमीटरवर. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या माळावर विद्यापीठ उभे करण्याची जबाबदारी वाघमारे यांच्यावर आली. नंतर ते लातूरचे नगराध्यक्ष आणि 2008 ते 2014 राज्यसभेचे सदस्य होते.