षोडशमान–दशमान रूपांतर (मोठ्या संख्यांचे)

१६ हा पाया असलेल्या संख्येचे दशमान रूप काढण्याची क्रिया. सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील वळसंग टोल नाक्यावर वाचल्या जाणाऱ्या फास्टॅगचा ओळखक्रमांक २४ षोडशमान अंकांचा, म्हणजे ९६ बिटांचा असतो. दशमानात तो २९ अंकांपर्यंत जातो. संगणकाच्या ६४-बिट चलबिंदू पद्धतीत मात्र २ च्या ५३ व्या घातापर्यंतचेच सर्व पूर्णांक अचूक राहतात. लगतचा ९००७१९९२५४७४०९९३ हा ९००७१९९२५४७४०९९२ होतो. एक्सेल १५ अंकांनंतर शून्ये भरते. उपाय : क्रमांक मजकूर म्हणून साठवणे, पायथॉनचा पूर्णांक किंवा जावास्क्रिप्टचा बिगइंट वापरणे, अथवा डावीकडून प्रत्येक अंकाला आधीचे फळ १६ ने गुणून नवा अंक मिळवणे. हे गणित अंकमालिकेवर हातचे धरून केल्यास एकही अंक गळत नाही.